१.१ क्रिएटिनीन म्हणजे किडनी नक्की किती? रक्ताच्या रिपोर्टवरून हिशोब करण्याची रीत

लासलगावच्या मार्केट यार्डात काम करणारी दोन माणसं एकाच सकाळी माझ्या ओपीडीत येऊन गेली. पहिला चौतीस वर्षांचा हमाल. वजन ७८ किलो, दंड एवढे भरलेले की बीपीचा नेहमीचा पट्टा पुरेना, मोठा काढावा लागला. त्याचं क्रिएटिनीन १.३ आणि कागदावर त्यापुढे ठळक बाण, वर जाणारा. दुसऱ्या एक मावशी, वय ६८, खळ्यावर कांदा निवडायला बसतात. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. त्यांचं क्रिएटिनीन १.१. त्यापुढे बाण नाही, कारण लॅबची छापील मर्यादा ०.६ ते १.२. हमाल रात्रभर झोपला नव्हता. मावशी मात्र निवांत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, समदं नॉरमल आलंय. गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या."

हमालाची किडनी ठणठणीत होती. मावशींची निम्म्याच्याही खाली आली होती.

मी गेली तेवीस वर्षं निफाड तालुक्यात फिजिशियन म्हणून काम करते. इंटर्नशिप संपवून आमच्याकडे ओपीडीत बसायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात जे शिकवते, ते इथे लिहिते आहे. गावोगाव प्रॅक्टिस करणाऱ्या सहकाऱ्यांनाही ते उपयोगी पडावं. त्यात कागदावरचा हिशोब आहेच, पण तो करण्याआधी काय बघायचं हे जास्त आहे.

आवक आणि उठाव

संध्याकाळी यार्डात किती कांदा पडून आहे, एवढ्यावरून व्यापाऱ्यांनी किती माल उचलला ते सांगता येत नाही. सकाळी आवक किती झाली होती तेही कळायला हवं. रक्तातल्या क्रिएटिनीनचं तसंच आहे. त्याची आवक स्नायूंकडून होते. स्नायूंतल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनीनमध्ये बदलतो आणि रक्तात येतो. उठाव किडनी करते. बराचसा गाळून आणि थोडा किडनीतल्या नलिकांमधून बाहेर टाकून. कागदावरचा आकडा म्हणजे या दोन्हींनंतर उरलेला शिल्लक माल.

हमालाची आवक भरपूर, म्हणून उठाव उत्तम असूनही शिल्लक १.३. मावशींची आवक इतकी कमी की किडनी मंदावली तरी शिल्लक १.१ च्या वर जात नाही. लॅबच्या छापील मर्यादेला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून ती मर्यादा मी झाकून ठेवायला सांगते. शब्दशः. नव्या डॉक्टरांनी पहिले काही दिवस त्या रकान्यावर बोट ठेवून रिपोर्ट वाचावा.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. आकडा आणि किडनी यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. चाळीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनीन ०.९ वरून १.८ झालं तर अंदाजे गाळणी, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते तो आकडा, १११ वरून ४८ वर येते. त्याच माणसाचं ४ वरून ८ झालं तर ती १८ वरून ८ वर येते. म्हणजे पहिल्या वेळी आकडा ०.९ नेच वाढला आणि साठाहून जास्त गेले. दुसऱ्या वेळी तो चारने वाढला आणि गेले दहाच. क्रिएटिनीन आठ झालं की सगळं घर गोळा होतं. ०.८ चं १.२ झालं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, आणि वाचवण्यासारखं बहुतेक सगळं त्याच वेळी हातात असतं.

रक्त काढण्याआधी विचारायचं

आदल्या रात्री मटण झालं का? शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिन शिजताना क्रिएटिनीन बनतं आणि पोटातून थेट रक्तात येतं. आखाडात, श्रावण लागायच्या आदल्या आठवड्यात, आमच्याकडे असे रिपोर्ट हमखास येतात. शक्यतो आदल्या दुपारपासून मांसाहार नको असं सांगा.

पाणी प्यायलं का? आमच्याकडे 'उपाशीपोटी या' म्हटलं की लोक पाण्याचा थेंबही घेत नाहीत. पहाटे पाचला गावातून निघतात, अकराला त्यांचा नंबर लागतो, त्यात एप्रिल महिना. मग आकडा विनाकारण वर जातो. "उपाशीपोटी म्हणजे जेवण-चहा नको, पाणी प्या," हे वाक्य आमच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

जिमला जातो का, डब्यातली पावडर घेतो का? क्रिएटिन पावडर घेणाऱ्या तरुणाचं क्रिएटिनीन १.५ येऊ शकतं आणि किडनीला काहीही झालेलं नसतं. पावडर बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, लघवी तपासा, मगच बोला.

गोळ्या कोणत्या चालू आहेत? को-ट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम आणि सिमेटिडिन ही औषधं नलिकांमधून होणारा उठाव अडवतात. गाळणी जशीच्या तशी असते, आकडा मात्र वाढतो. एचआयव्हीसाठीच्या एआरटी सेंटरच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हेच करतं. फेनोफायब्रेटनेही आकडा वर जातो. अशा रुग्णाचं औषध सुरू होण्याआधीचं क्रिएटिनीन फाइलवर असेल तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

लॅबबद्दल थोडं. बऱ्याच ठिकाणी क्रिएटिनीन अजूनही जॅफे पद्धतीने काढतात. माक्स जॅफे यांनी १८८६ मध्ये दाखवलेली पिक्रिक ॲसिडची रंगक्रिया ती हीच. स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा चालून जाते. पण शुगर खूप वाढून कीटोन झालेल्या रुग्णात ती आकडा फुगवते आणि कावीळ जास्त असेल तर कमी दाखवते. एन्झाइम पद्धत या बाबतीत सरस. आपली लॅब कोणती पद्धत वापरते आणि मशीन आयडीएमएस या संदर्भ पद्धतीच्या प्रमाणाशी जुळवलेलं आहे का, हे एकदा जाऊन विचारून या. लॅबवाल्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. आणि एका रुग्णाचं रक्त दर वेळी एकाच लॅबला पाठवा. एका लॅबचं ०.९ आणि दुसऱ्या लॅबचं १.१ यात किडनी तीच असू शकते.

पहिला हिशोब: ईजीएफआर

ईजीएफआर म्हणजे सूत्राने काढलेली अंदाजे गाळणी. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र २०२१ चं सीकेडी-ईपीआय. त्याला तीनच गोष्टी लागतात: क्रिएटिनीन, वय, आणि बाई की पुरुष. बऱ्याच लॅब हा आकडा छापूनच देतात, ॲपवरही मिळतो. तरी एकदा हाताने करून बघा, म्हणजे आत काय घातलं आहे ते कळतं. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण येतं.

मावशींचा हिशोब असा. बाईसाठी क्रिएटिनीनला ०.७ ने भागायचं, पुरुषासाठी ०.९ ने. १.१ भागिले ०.७ म्हणजे १.५७१. उत्तर एकापेक्षा मोठं आहे म्हणून त्याचा उणे १.२ घात घ्यायचा: ०.५८१. एकापेक्षा लहान आलं असतं तर बाईसाठी उणे ०.२४१ आणि पुरुषासाठी उणे ०.३०२ घात. मग ०.९९३८ चा वयाइतका, म्हणजे ६८ वा घात: ०.६५५. आता १४२ गुणिले ०.५८१ गुणिले ०.६५५, आणि बाई असल्याने गुणिले १.०१२. उत्तर आलं ५५. एकक मिलिलिटर दर मिनिटाला, १.७३ चौरस मीटर शरीरासाठी.

हमालाचा याच रीतीने ७४ येतो. म्हणजे सूत्रानेही त्याला थोडं कमीच धरलं, कारण त्याचे दंड सूत्राला दिसत नाहीत. त्याची लघवी तपासली, प्रथिनं अजिबात नाहीत. बीपी १२२/७६. त्याला घरी पाठवला आणि दोन पोती एकदम उचलू नको एवढंच सांगितलं, तेही कमरेसाठी.

रिपोर्टवर ईजीएफआर छापला असेल तर तो कोणत्या सूत्राचा आहे ते बारीक अक्षरात शोधा. काही ठिकाणी अजून जुनं एमडीआरडी असतं, काही ठिकाणी २००९ चं सीकेडी-ईपीआय. मागच्या वर्षीचा आकडा एका सूत्राचा आणि यंदाचा दुसऱ्याचा, आणि रुग्ण 'सुधारला' म्हणून आनंद, असं होताना मी पाहिलं आहे. २०२१ च्या सूत्रातून अमेरिकेतला वंशाचा गुणक काढून टाकला. ते योग्यच झालं. पण त्यामुळे आपल्यासारख्यांचा आकडा २००९ च्या सूत्रापेक्षा थोडा वर येतो, हे लक्षात असू द्या.

आणि आपल्या लोकांत तो आधीच वर येत होता. चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हेच मांडलं: क्रिएटिनीनवर बेतलेली प्रचलित सूत्रं भारतीयांची गाळणी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. २०१४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधकांनी तिथल्या लोकांसाठी एक दुरुस्ती सुचवली होती. त्या दुरुस्तीने ६० चा आकडा ५२ च्या आसपास येतो. आपलं मांस खाणं कमी, अंगावर स्नायू कमी, आवक कमी. सूत्रं ज्यांच्या रक्तावर बेतली, त्यांची आवक वेगळी. मी रोजच्या कामात कोणती दुरुस्ती लावत नाही. पण बारीक अंगाच्या, शाकाहारी, साठीपुढच्या माणसाचा ईजीएफआर ५५ ते ७० दिसला तर 'याहून कमी असणार' हे गृहीत धरूनच पुढे जाते.

दुसरा हिशोब: औषधाच्या डोसासाठी

त्या १.७३ चौरस मीटरकडे पुन्हा बघा. हे माप १९२० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या तरुण माणसाच्या सरासरी अंगाचं. मावशींचं अंग किती? उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १४८ गुणिले ४२ म्हणजे ६२१६, भागिले ३६०० म्हणजे १.७२७, वर्गमूळ १.३१. आता ५५ ला १.३१ ने गुणून १.७३ ने भागा. उरतात ४२. मावशींच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला प्रत्यक्षात गाळतात ते हे ४२ मिलिलिटर. आजाराचा टप्पा ठरवायला ५५ चालेल, कारण टप्पे त्याच मापात बांधले आहेत. पण गोळी पोटात गेल्यावर ती याच ४२ मिलिलिटरच्या गाळणीतून बाहेर पडणार असते.

डोससाठी मी अजूनही कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशोब करते. कॅनडातल्या या दोघांनी १९७६ मध्ये ते २४९ रुग्णांवरून बांधलं, आणि ते रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष होते. सूत्र जुनं आहे, त्या काळची रक्ततपासणीही वेगळी होती. तरी त्यात वजन धरलेलं आहे, आणि अनेक औषधांच्या डोसाचे तक्ते अजून त्याच्यावरच आहेत. दाबिगाट्रानसारखी रक्त पातळ करणारी औषधं देताना तर हाच आकडा बघायचा. करायला सोपं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनीनने भागा, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. मावशी: ७२ गुणिले ४२ गुणिले ०.८५ भागिले ७९.२. उत्तर ३२.

एकाच बाईचे ५५, ४२ आणि ३२ असे तीन आकडे. खरा कोणता? तिन्ही अंदाज आहेत. माझी रीत अशी की औषध धोक्याचं असेल, म्हणजे डोस जास्त झाला तर भरून न येणारं नुकसान करणारं असेल, तर सर्वांत खालच्या आकड्यावर डोस ठरवायचा. कमी डोसाने जीव जाईल असं औषध असेल, उदाहरणार्थ सेप्सिसमधल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस, तर तो पूर्ण द्यायचा. कपात पुढच्या डोसांत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या गावी असताना, माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. वय ७०, वजन ३८ किलो, लघवीतला जंतुसंसर्ग, ताप. क्रिएटिनीन ०.९ बघून मी निर्धास्तपणे अमिकॅसिन हे अँटिबायोटिक लिहिलं, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. वजन मी केसपेपरवर लिहिलंसुद्धा होतं, पण त्याचा डोसाशी संबंध जोडला नाही. आठव्या दिवशी क्रिएटिनीन ३.४. किडनी दोन महिन्यांत बरीचशी सावरली. कान सावरले नाहीत. नंतर त्या तपासायला यायच्या तेव्हा मुलगा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा आणि त्या माझ्याकडे बघून हसायच्या, काही ऐकू आलं नसलं तरी. त्या दिवशी हिशोब केला असता तर कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने ३५ सांगितलं असतं. आजचं ईजीएफआर सूत्र त्याच आजींना ६९ देतं. म्हणून दुसरा हिशोब मी कधीच गाळत नाही.

वजनाबाबत एक सावधगिरी. पायावर सूज, पोटात पाणी असेल तर काट्यावरचं वजन खरं नाही. सूज येण्याआधीचं वजन विचारा. आणि खूप लठ्ठ माणसात पूर्ण वजन घातलं तर उत्तर फुगतं, तिथे उंचीवरून येणाऱ्या आदर्श वजनात थोडीच भर घालून हिशोब करा.

आकडा हलत असेल तर सूत्र बंद

सगळ्या सूत्रांच्या पोटात एक अट आहे: आवक आणि उठाव यांचा तोल बसलेला हवा, क्रिएटिनीन काही दिवस स्थिर हवं. ही अट मोडली की सूत्र निरर्थक.

द्राक्षबागेत छाटणी करताना घोणस चावलेला पस्तीस वर्षांचा माणूस. पहिल्या दिवशी क्रिएटिनीन ०.९. सर्पविषावरचं इंजेक्शन गेलं, विषाने पातळ झालेलं रक्त पुन्हा गोठायला लागलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी १.४, आणि रिपोर्टवर छापून आलं: ईजीएफआर ६७. ड्युटीवरच्या मुलाने फाइलवर लिहिलं, 'सौम्य घट'. मी खाटेखालची लघवीची पिशवी उचलून बघितली. बारा तासांत जेमतेम १०० मिलिलिटर, तीही चहाच्या रंगाची. त्या माणसाची गाळणी त्या घडीला ६७ नव्हती, जवळजवळ शून्य होती. किडनी पूर्ण थांबली तरी क्रिएटिनीन एका रात्रीत दहा होत नाही. दिवसाला साधारण एक-दीडने चढत जातं. यार्डाचं गेट बंद झालं तरी माल साचायला वेळ लागतोच. तिसऱ्या दिवशी २.९ झालं, तोवर आम्ही त्याला डायलिसिससाठी नाशिकला हलवलं होतं.

तेव्हा आजारी माणसात आधी दोन गोष्टी बघा: लघवी किती झाली, आणि कालचं क्रिएटिनीन किती होतं. ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट, किंवा सहा तास लघवी वजनाच्या दर किलोला तासाला अर्ध्या मिलिलिटरच्या खाली, यातलं काहीही असेल तर ती किडनीला झालेली ताजी इजा आहे. अशा वेळी ईजीएफआर लिहूच नका. डोस ठरवताना गाळणी दहाच्या खाली आहे असं धरा. जुलाब, उन्हाचा झटका, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, ताप अंगावर काढून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सगळीकडे हाच नियम.

मूळचा आकडा कुठून आणायचा? नातेवाइकांना कॅरीबॅग आणायला सांगा. प्रत्येक घरात जुन्या रिपोर्टांची एक कॅरीबॅग असते, बहुधा कपाटाच्या वर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेली तपासणी, सुनेच्या बाळंतपणाचे कागद, सगळं त्यात सापडतं. दोन वर्षांपूर्वीचं एक क्रिएटिनीन मिळालं की दहा सूत्रांपेक्षा जास्त कळतं.

रक्ताबरोबर लघवी

एकट्या ईजीएफआरवर कुणाला किडनीचा आजार आहे असं सांगू नका. ६० च्या खालचा आकडा, किंवा लघवीतली प्रथिनं, किंवा सोनोग्राफीत दिसणारा बिघाड, तीन महिने टिकला तर जुना आजार म्हणायचं. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर काढा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीत. मिलिग्रॅम दर ग्रॅमला या मापात ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० वाढलेलं, ३०० च्या वर खूप वाढलेलं. ईजीएफआर ९५ आणि अल्ब्युमिन ४०० असलेला चाळिशीतला मधुमेही, आणि ईजीएफआर ५७, लघवी स्वच्छ असलेले पंचाहत्तरीचे बाबा, यांत मला रात्री झोपू देत नाही तो पहिला. त्याचा रक्ताचा रिपोर्ट बघून त्याला चार जणांनी 'किडनी एकदम भारी' म्हणून परत पाठवलेलं असतं.

टप्पे असे: ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ तिसऱ्याचा पहिला भाग, ३० ते ४४ तिसऱ्याचा दुसरा भाग, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. रुग्णाला सांगताना टप्पा नको, त्याला 'स्टेज' म्हटलं की कॅन्सरच आठवतो. लोक स्वतःच टक्क्यांत बोलतात, "किडनी किती टक्के चालतीये?" तरुण निरोगी माणसात आकडा शंभराच्या आसपास असल्याने टक्के म्हणणं काही फार चुकीचं नाही. मीही तेच वापरते. फक्त वयाप्रमाणे तो उतरतो हेही त्याच दमात सांगते.

सूत्र जिथे लागूच होत नाही

पाय कापलेला मधुमेही, अंथरुणाला खिळलेला अर्धांगाचा रुग्ण, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेला माणूस: आवकच आटलेली, म्हणून क्रिएटिनीन फसवं कमी. इथे सिस्टाटिन सी मागवा. ते स्नायूंवर अवलंबून नसतं. तालुक्याच्या लॅबमध्ये बहुधा होत नाही, नमुना शहरात जातो, खर्चही जास्त. पण निर्णय मोठा असेल तर करावं. क्रिएटिनीन आणि सिस्टाटिन दोन्ही घालून केलेलं सूत्र एकेकट्यापेक्षा बरं. स्टेरॉइड चालू असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, माणूस खूप लठ्ठ असेल किंवा भरपूर सिगारेट ओढत असेल तर सिस्टाटिनही फसवतं.

गरोदरपणात कोणतंच सूत्र वापरू नका. त्या काळात गाळणी जवळजवळ दीडपट होते आणि क्रिएटिनीन ०.४ ते ०.८ मध्ये राहतं. सातव्या महिन्यातल्या ताईचं ०.९ दिसलं की मी पुन्हा तपासते, बीपी आणि लघवीसकट.

लहान मुलांसाठी श्वार्ट्झचं सूत्र: ०.४१३ गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले क्रिएटिनीन. पाच वर्षांचं मूल, उंची ११०, क्रिएटिनीन ०.९. उत्तर ५०. त्या पोराच्या रिपोर्टवरही लॅबची मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, आणि ०.९ तिच्यात आरामात बसतं. मुलाची उंची मोजल्याशिवाय त्याचं क्रिएटिनीन वाचता येत नाही.

किडनी दान करणाऱ्याची गाळणी मात्र अंदाजाने ठरवायची नसते. त्याला डीटीपीए स्कॅनसारखी प्रत्यक्ष मोजणी लागते, ते काम मोठ्या केंद्राचं.

औषध सुरू केल्यानंतरचा आकडा

टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल हे बीपीचं औषध सुरू केलं की क्रिएटिनीन थोडं वाढतं. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. १.० चं १.२ झालं म्हणून ते औषध बंद करू नका, दहा वर्षांनी त्या औषधानेच किडनी राखलेली असते. ३० टक्क्यांहून जास्त वाढलं तर जुलाब, पाणी कमी, दुखण्याच्या गोळ्या, किडनीच्या धमनीतला अडथळा यांचा शोध घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही सुरुवातीला ईजीएफआर जरा घसरतो, ते अपेक्षित असतं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली बंद. ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही, चालू असेल तर डोस निम्मा.

मावशींचं पुढे काय केलं ते सांगते. डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी लिहिली नाही. पॅरासिटामॉल, गुडघ्याचा व्यायाम, आणि खळ्यावर बसायला पाट नको, उंच डबा घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिवसाला दोन ग्रॅम चालू होतं, ते मी एक ग्रॅमवर आणलं, छापील ५५ साठी नाही, त्या ४२ आणि ३२ साठी. लघवीतलं अल्ब्युमिन १८० आलं, म्हणून टेल्मिसार्टन सुरू केलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने एक ओळ लिहिली. तारीख, लॅब, क्रिएटिनीन, वजन, ईजीएफआर, कॉकक्रॉफ्ट, लघवीचं अल्ब्युमिन. प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर ही ओळ असते आणि दर वेळी तिच्याखाली नवी ओळ येते. तीन आठवड्यांनी मावशी आल्या तेव्हा दुसरी ओळ लिहिली: क्रिएटिनीन १.२, वजन ४२. फाइल उलटी धरून त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे वाढलं का घटलं?"